परदेशातले पहिले ७२ तास: आमच्या मुलांच्या शाळेच्या विश्वस्तांना खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, विश्वस्त मंडळाचे सदस्य आणि मुख्याध्यापिका बाई,
बडोदा

सप्रेम नमस्कार.

भाऊबीज झाली की आपल्या शाळेचे ३४ विद्यार्थी दोन आठवड्यांसाठी जर्मनीला निघतील. कोलोनजवळच्या एका गावातल्या शाळेशी आपली देवाणघेवाण आहे, मुलं तिथल्या कुटुंबांत राहणार आहेत. हा उपक्रम चांगला आहे आणि तो व्हावा असं आम्हाला मनापासून वाटतं. हे पत्र लिहिणाऱ्यांपैकी काहींची मुलं यंदा जाणार आहेत, तर काही जण शिक्षक म्हणून यापूर्वी अशा गटांबरोबर गेलेले आहेत.

मागच्या आठवड्यात आलेल्या परिपत्रकानं तीन गोष्टी बदलल्या. जाण्याआधीचे तयारीचे तीन शनिवार रद्द करून त्याऐवजी एक तासाची ऑनलाइन बैठक ठेवली. पोचल्यानंतरचा मोकळा दिवस काढून टाकला. सोबत जाणारे शिक्षक चारावरून दोनावर आणले. कारण दिलंय खर्चाचं, आणि ‘मुलांना कमी दिवसांत जास्तीत जास्त पाहता यावं’ याचं. खर्चाची अडचण आम्ही समजू शकतो. पण हे तिन्ही बदल मिळून पहिल्या तीन दिवसांवरच येऊन पडतात, आणि सहलीत काय बिघडायचं ते बहुधा याच तीन दिवसांत बिघडतं. म्हणून गप्प बसता येत नाही. ज्या शाळा यंदा पहिल्यांदा असा गट पाठवत आहेत त्यांच्याही उपयोगी पडावं, म्हणून हे पत्र उघड लिहीत आहोत.

आधी आपलाच कार्यक्रम घड्याळ लावून पाहू. शुक्रवारी रात्री दहाला बडोद्याहून बस, पहाटे चारला अहमदाबादहून विमान, आखातात विमान बदलून शनिवारी दुपारी साडेबाराला फ्रँकफर्ट. दोन वाजता विमानतळावरून बस, कोलोन कॅथेड्रल (तिथलं मोठं चर्च), त्याचा बुरूज चढणं, नदीकाठी फेरफटका, आणि रात्री साडेआठला शाळेच्या फाटकाशी मुलं यजमान कुटुंबांच्या ताब्यात. रविवारी सकाळी साडेसहाला बेल्जियममधल्या ब्रसेल्सची बस, रात्री दहाला परत. सोमवारी पावणेआठला वर्गात हजर.

नोव्हेंबरात जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे घेतात, त्याआधी हा फरक साडेतीन तासांचा असतो. म्हणजे शनिवारी रात्री साडेआठला मूल यजमानांच्या दारात उभं राहील तेव्हा त्याच्या शरीराच्या हिशेबानं रात्रीचा एक वाजलेला असेल. शुक्रवारी सकाळी साडेसहाला उठलेलं मूल तोवर ४२ तास धड आडवं झालेलं नसेल. मधे असतील त्या बसमधल्या आणि विमानातल्या डुलक्या. अशा अवस्थेत कॅथेड्रलच्या दक्षिण बुरुजाच्या ५३३ पायऱ्या चढवायच्या, आणि त्या बुरुजाला लिफ्ट नाही. शिवाय दुपारी दोनला निघालेली बस साधारण १९० किलोमीटर कापून सव्वाचारच्या आत पोचत नाही, तोवर हिवाळ्यातली बुरुजाची वेळ संपलेली असते आणि पाचपर्यंत अंधार पडतो. थोडक्यात, ज्यासाठी मुलांना दमवायचं ते दिसण्याचीही खात्री नाही.

दोनची बस गाठता येईल असंही आम्हाला वाटत नाही. युरोपात प्रवेश-निर्गमनाची नवी इलेक्ट्रॉनिक नोंदणी १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाची नोंद खिडकीवर नव्यानं तयार होते आणि चेहऱ्याचा फोटो घेतला जातो. ३४ मुलं आणि दोन शिक्षक म्हणजे ३६ नोंदी, त्यानंतर सामान. एखादी बॅग आली नाही तर ती हरवल्याची लेखी नोंद विमान कंपनीच्या खिडकीवर बाहेर पडण्याआधीच करावी लागते, नाहीतर नंतर भरपाई मागताना अडचण येते. ही नोंद करायला एक शिक्षक थांबला तर ३३ मुलांपाशी एकच मोठं माणूस उरतं. उतरल्यापासून बस सुटेपर्यंत किमान अडीच तास धरायला हवेत.

आता मुख्य मुद्दा. या कार्यक्रमात यजमान कुटुंबाला जागं मूल पहिल्यांदा भेटतं ते सोमवारी संध्याकाळी. शनिवारी ते पेंगत येतं, रविवारी अंधारात जातं आणि रात्री येऊन झोपतं. घर कसं चालतं हे सांगायचे-विचारायचे दिवस नेमके हेच असतात. ते हुकले की मूल चुका करत जातं, यजमान संकोचानं बोलत नाहीत, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी शिक्षकांना फोन येतो. बाहेरून या चुका किरकोळ दिसतात, म्हणून त्या जरा जवळून दाखवतो.

न्हाणीघर घ्या. आपल्याकडे न्हाणीघराच्या फरशीला उतार असतो आणि कोपऱ्यात जाळी. जर्मन घरांत बहुतेकदा शॉवरच्या कप्प्याबाहेर जाळी नसतेच. आपलं मूल सवयीनं कप्प्याचं दार उघडं ठेवून अंघोळ करतं किंवा कमोडशेजारी बाटलीनं पाणी घेतं. ते पाणी फरशीवर साचतं, कडेच्या फटीतून झिरपतं आणि खालच्या मजल्याच्या छताला डाग पडतो. मुलाला सांगायचं एवढंच: दार लावून अंघोळ, पाच ते सात मिनिटांत, नंतर तिथे टांगलेल्या रबरी पट्टीनं काच निपटायची आणि फरशीवर पाणी सांडलं तर पुसून घ्यायचं. कमोडपाशी पाण्याची सोय नसते. लहान बाटली वापरायची असेल तर ती जपून वापरायची आणि कागद कमोडमध्येच टाकायचा. सॅनिटरी पॅड मात्र झाकणाच्या डब्यात, कमोडमध्ये कधीच नाही. हे मुलींना मोकळेपणानं सांगायला गटात एक तरी शिक्षिका हवी. प्रवासानं पाळीची तारीख पुढेमागे होते, म्हणून पॅड हातातल्या बॅगेत हवेत.

हीटर आणि खिडकी ही दुसरी जोडगोळी. खिडकीखालच्या रेडिएटरच्या गोल बटणावर १ ते ५ आकडे असतात. ३ म्हणजे साधारण २० अंश. मुलांना वाटतं की ५ वर फिरवलं की खोली लवकर तापेल. तसं होत नाही, खोली तेवढ्याच वेगानं तापते आणि पुढे नको तेवढी तापत राहते. मग गुदमरतं म्हणून मूल खिडकी वरून तिरकी उघडून ठेवतं आणि रात्रभर गरम हवा बाहेर जाते. तिथली रीत अशी की हीटर बंद करायचा, खिडकी पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्यायची, मग खिडकी लावून हीटर परत ३ वर. खिडकीच्या मुठीला तीन जागा असतात: खाली म्हणजे बंद, आडवी म्हणजे पूर्ण उघडी, वर म्हणजे तिरकी. ती अर्धवट फिरवली की पल्ला एका बिजागरीवर लटकतो आणि मूल घाबरतं. प्रत्यक्ष एकदा दाखवायला अर्धं मिनिट पुरतं, पण ऑनलाइन बैठकीत ते दाखवता येत नाही.

घराची किल्लीही मुलाकडे देतात. दार मागे ओढलं की आपोआप लागतं, बाहेरून मुठीनं उघडत नाही. कचरा टाकायला म्हणून किल्लीशिवाय बाहेर आलेलं मूल नोव्हेंबरच्या थंडीत जिन्यात उभं राहतं. आणि इमारतीची किल्ली हरवली तर काही ठिकाणी सगळ्यांचीच कुलपं बदलावी लागतात, तो खर्च मोठा असतो. शाळेनं काढलेल्या विम्यात दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी धरली आहे का, आणि त्यात किल्ली येते का, हे आम्ही दोनदा विचारलं. उत्तर आलेलं नाही.

आता जेवण, आणि याबद्दल आम्हाला सर्वांत जास्त काळजी आहे. आपल्या घरांत पाहुण्यानं आधी ‘नको, पुरे’ म्हणायचं आणि यजमानानं आग्रह करून वाढायचं, ही रीत. आपली मुलं त्यातच वाढली आहेत. जर्मन घरात ‘नको’ म्हणजे नको. विचारणारा एकदा विचारतो, नको म्हटलं की भांडं उचलून बाजूला ठेवतो, त्यात त्याची मुलाच्या इच्छेला मान देण्याचीच भावना असते. संध्याकाळचं जेवण पुष्कळ घरांत गार असतं, ब्रेड, लोणी, चीज, काकडी, टोमॅटो, आणि ते सहा-सातलाच होतं. मूल संकोचानं एक तुकडा खातं, दुसऱ्याला नको म्हणतं आणि उपाशी झोपतं. पहाटे तीनला ते टक्क जागं होतं, कारण आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसात वाजलेले असतात. भूक लागलेली, घर अंधारात, फ्रिज उघडायचा की नाही हे विचारलेलं नाही. आईला फोन केल्यावर मुलं रडतात ती याच वेळी, आणि हे दुसऱ्या-तिसऱ्या रात्री ठरल्यासारखं घडतं. मुलांकडून तीन वाक्यं जर्मनमधून घोटून घ्यायला हवीत: मला भूक लागली आहे, मला अजून थोडं हवं आहे, रात्री भूक लागली तर मी काय खाऊ. वर्गात दोघादोघांना समोरासमोर बसवून, एक यजमान आणि एक पाहुणा करून, ही वाक्यं म्हणून घेतली तरच ती वेळेला तोंडातून बाहेर येतात. रद्द केलेल्या शनिवारांपैकी एक याच्यासाठीच होता.

शाळेच्या फॉर्मवर ‘शाकाहारी’ अशी एकच चौकट आहे. ती पुरेशी नाही. आपल्या गटात अंडं खाणारे आहेत, नुसतं केकमधलं चालणारे आहेत, अजिबात न चालणारे आहेत, कांदा-लसूण न खाणारी जैन घरांतली मुलं आहेत. यजमानाला हे वेगवेगळं कळवावं लागतं. तिथे मासा न खाणं हे काही जण वेगळं धरतात, म्हणून ‘मासाही नाही’ असं लिहावं लागतं. भाजीच्या सूपचा रस मांस उकळून केलेला असू शकतो, सॅलडवर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात, रंगीत जेली गोळ्यांमध्ये बहुधा जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला पदार्थ, असतं. पाकिटावर कुठले तीन-चार शब्द शोधायचे याची चिठ्ठी मुलाच्या खिशात हवी. युरोपात १४ प्रकारचे ॲलर्जी आणणारे घटक लेबलवर ठळक छापणं बंधनकारक आहे. शेंगदाणे, तीळ वगैरेंची ॲलर्जी असलेल्या मुलांना ते वाचायला शिकवलं पाहिजे.

बडोद्याला तर हे नव्यानं सांगायला नको. याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला गेले, तेव्हा पहिल्या वसतिगृहातलं जेवण त्यांना मानवलं नाही आणि आठवड्याभरात त्यांनी जागा बदलली. ते तेव्हा २२ वर्षांचे होते. आपली मुलं १४-१५ची आहेत आणि जागा बदलायचा निर्णय त्यांच्या हातात नाही.

खाऊबद्दल परिपत्रकात ‘घरचा कोरडा खाऊ द्यावा’ एवढंच आहे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून मांस आणि दूध-दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तुपाची बरणी, पनीर, खवा देऊ नका. पेढे म्हणजे मुळात खवाच, ते यजमानांना भेट म्हणून पाठवायचा मोह टाळलेला बरा. ताजी फळं, कढीपत्ता, हिरव्या मिरच्याही नकोत. खाकरा, भाकरवडी, चिवडा, भाजलेले दाणे चालतात. यातलं थोडं उशाशी ठेवायला द्या, पहाटे तीनच्या भुकेला ते कामी येतं. भेट द्यायचीच तर संखेड्याच्या लाखकामाचा छोटा डबा द्या, तो फुटत नाही, सांडत नाही आणि कुणी अडवत नाही.

फोनचा मुद्दा लहान आहे, पण कार्यक्रमात तो साफ चुकला आहे. ‘मुलं रविवारी तिथलं सिम घेतील’ असं लिहिलंय. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. मोठी स्टेशनं, विमानतळ, पेट्रोल पंप आणि काही तास बेकऱ्या एवढंच उघडं असतं. आणि तिथलं प्रीपेड सिम ओळख पटवल्याशिवाय चालू होत नाही, हा नियम २०१७ पासून आहे. १४-१५ वर्षांच्या ३४ मुलांची ओळख पटवत बसायला वेळही नाही आणि माणसंही नाहीत. निघण्याआधीच इथल्या नंबरवर दोन आठवड्यांचा आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक घ्यावा आणि बडोदा सोडण्याआधी तो सुरू झाल्याची खात्री करावी. पॉवर बँक हातातल्या सामानात ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत नाही. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून यजमानांचा पत्ता, त्यांचा फोन, दोन्ही शिक्षकांचे फोन आणि ११२ हा आपत्कालीन नंबर कागदी कार्डावर हवा. ११२ ब्रसेल्समध्येही चालतो. तातडी नसलेल्या आजारासाठी, दवाखाने बंद असताना, जर्मनीत ११६११७ हा नंबर आहे, तोही कार्डावर टाका.

पालकांनीही एक शिस्त पाळायची आहे, ते आम्ही आमच्या बाजूनं मान्य करतो. रात्री साडेनऊला फोन करायला गेलो तर तिथे संध्याकाळचे पाच असतात, मूल घरातल्या माणसांत रुळत असतं. दिवसातून एकदा, आपल्या संध्याकाळी साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान, शाळा सुटल्यावर बोलायचं. पहाटे तीनला मुलाचा फोन आला तर उचलायचाच, पण शांतपणे सांगायचं की पाणी पी, खाकरा खा, शॉवर लावू नकोस, पुस्तक वाच, सहाला घर जागं होईल. रात्री दहा ते सकाळी सहा शेजाऱ्यांना त्रास होईल असा आवाज करायचा नाही हा तिथला कडक नेम आहे, आणि पाइपांतून वाहणारं पाणी वरच्या-खालच्या मजल्यावर ऐकू जातं.

रस्त्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिथली वाहतूक उजव्या बाजूनं चालते. आपलं मूल सवयीनं रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे पाहतं आणि पाऊल टाकतं, गाडी मात्र डावीकडून येते. दमलेल्या मुलाच्या हातून हे पहिल्याच दिवशी होतं, म्हणून आम्ही पहिल्या संध्याकाळी शहरातून पायी हिंडण्याच्या विरोधात आहोत. पदपथालाच लागून सायकलची पट्टी असते, पुष्कळदा तांबड्या रंगाची. तिच्यावर घोळक्यानं उभं राहिलं की मागून वेगात सायकल येते. सयाजीबागेत दोन-दोनच्या रांगेत अर्धा तास याचा सराव होतो: थांबा, आधी डावीकडे, मग उजवीकडे, पट्टी सोडून उभे राहा. मागच्या गटांचा तो झाला होता.

ट्रेनच्या दाराचं बटण दाबावं लागतं, दार आपोआप उघडेल म्हणून उभं राहिलं तर गाडी निघून जाते. काही ठिकाणी तिकीट काढून भागत नाही, यंत्रात घालून त्यावर शिक्का उठवावा लागतो. वैध तिकीट नसेल तर ६० युरो दंड होतो, परदेशी मूल म्हणून सूट मिळत नाही. आणि गट तुटला तर काय करायचं हे आधी ठरलेलं हवं. आमचा नियम असा होता: जे फलाटावर राहिले त्यांनी तिथेच थांबायचं, हलायचं नाही. जे गाडीत चढले त्यांनी पुढच्याच स्टेशनावर उतरून तिथे थांबायचं. शिक्षक मागे येतात. पण याला दोन्ही बाजूंना शिक्षक मोकळा असावा लागतो, आणि ३४ मुलांमागे दोघे असताना एक जण आजारी मुलाबरोबर असला की हे गणित मोडतं.

आजारपणाचं तसंच. शेंगेन व्हिसासाठी (जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, तो आपण काढलाच असेल. पण पॉलिसीची प्रत शिक्षकांकडे, यजमानांकडे आणि पालकांकडे हवी. आईवडिलांची सही असलेलं उपचाराचं संमतिपत्र जर्मन किंवा इंग्रजीत हवं, कारण अल्पवयीन मुलाला तपासताना डॉक्टर ते मागतात. औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव. तिथे साधं पॅरासिटामॉलही किराणा दुकानात मिळत नाही, औषधांच्याच दुकानात मिळतं, आणि रविवारी पाळीवर असलेलंच दुकान उघडं असतं. म्हणून तीन दिवसांची औषधं आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या बॅगेत.

हे सगळं एका तासाच्या बैठकीत होण्यासारखं नाही, हे आपल्यालाही पटेल.

आमच्या मागण्या अशा.

एक, शनिवारी विमानतळावरून बस थेट यजमानांच्या गावी जावी. मुलं सहापर्यंत घरी पोचावीत, हलकं खाऊन, अंघोळ करून साडेआठ-नऊला झोपावीत. त्याआधी झोपू देऊ नये, नाहीतर ती रात्री एकलाच उठतील. कोलोन पुढच्या शनिवारी, सकाळच्या वेळी करावं.

दोन, रविवारचं ब्रसेल्स रद्द करावं. तो दिवस यजमानांबरोबर राहू द्यावा. घर समजून घेणं, शाळेचा रस्ता उजेडात एकदा चालून पाहणं, आणि दुपारी तीनला सगळ्यांनी शाळेत जमून दोन तास शिक्षकांशी बोलणं. या दोन तासांत प्रत्येक मुलाला चार प्रश्न: जेवलास का, झोपलास का, किल्ली आहे का, काही विचारायचं राहिलंय का. ब्रसेल्सच्या बसचे वाचलेले पैसे तिसऱ्या शिक्षकाच्या तिकिटाकडे वळवता येतील.

तीन, शिक्षक चार हवेत, त्यांत दोन शिक्षिका. चार जमतच नसतील तर मुलांची संख्या कमी करावी, शिक्षकांची नाही. ज्यांची नावं गळतील त्यांच्या पालकांशी आम्ही स्वतः बोलू.

चार, तयारीचे तीन शनिवार परत सुरू करावेत. पहिला सामान आणि कागदपत्रांचा, दुसरा घर आणि जेवणाचा, तिसरा रस्ता, ट्रेन आणि आजारपणाचा. शिकवायला आम्ही येऊ, मानधन नको.

पाच, आहाराचा नवा फॉर्म, विम्याची प्रत आणि संमतिपत्राचा मसुदा प्रत्येक पालकाला द्यावा. आहाराचा फॉर्म आणि कार्डाचा नमुना आम्ही तयार करून या पत्राच्या कार्यालयीन प्रतीला जोडला आहे.

ज्या पालकांना हे बदल नको आहेत, ज्यांना वाटतं की एवढे पैसे भरून मुलांनी रविवार घरात का काढावा, त्यांनाही बैठकीला बोलवावं. त्यांचा प्रश्न चुकीचा नाही, फक्त त्यांना घड्याळाचा हा हिशेब कुणी दाखवलेला नाही.

अहमदाबादला व्हिसाचा अर्ज देताना प्रवासाचा दिवसवार आराखडा जोडावा लागतो. एकदा तो गेला की तारखा हलवणं अवघड होतं. म्हणून अर्जाची वेळ घेण्याआधी, येत्या १५ दिवसांत, विश्वस्त, शिक्षक आणि पालक यांची समोरासमोर बैठक शाळेच्या सभागृहात घ्यावी. सोयीचा वार आपण कळवा, बैठकीला येताना ३४ कार्डं छापून आणतो.

आपले,
यंदाच्या गटातले काही पालक आणि पूर्वीच्या गटांबरोबर गेलेले शिक्षक
बडोदा